भट्टी, बॉयलर आणि चुलवाण: कोल्हापूर भागातल्या उद्योगांनी कार्बन कमी करायचा तो असा

कार्बन कमी करायचं ठरलं की बहुतेक कारखान्यांतून पहिला फोन सोलरवाल्याला जातो. छतावर पॅनेल चढतात, गेटवर बोर्ड लागतो आणि आत भट्टीचं झाकण तसंच उघडं राहतं. हा क्रम उलटा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्र्या घ्या, इचलकरंजीची सायझिंग (विणण्याआधी सुताला कांजी लावणारे कारखाने) घ्या, साखर कारखाने, गुऱ्हाळं किंवा दूध शीतकरण केंद्रं घ्या. प्रत्येक ठिकाणी मोठी बचत प्रक्रियेच्या आत दडलेली असते आणि तिला भांडवलही कमी लागतं. म्हणून आधी प्रक्रिया पाहू, सोलर शेवटी.

आधी हिशोब मांडा

बारा महिन्यांची लाईट बिलं, डिझेल आणि गॅसच्या पावत्या, कोळशाची वजनं आणि एसी-चिलरमध्ये भरलेल्या गॅसची नोंद एवढं जमवा. मग हे आकडे वापरा. ग्रिडच्या विजेचं एक युनिट म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेल लिटरला २.७ किलो, एलपीजी किलोला ३ किलो, भारतीय कोळसा प्रतीनुसार किलोला दीड ते पावणेदोन किलो, कोक किलोला ३ किलोच्या आसपास. उसाचं चिपाड, लाकूड, ब्रिकेट यांतून निघणारा कार्बन वनस्पतीनं हवेतूनच घेतलेला असतो. तो वेगळ्या रकान्यात लिहा, पण लिहाच.

एकूण टनांवर थांबू नका, उत्पादनानं भागा. एक टन चांगल्या कास्टिंगमागे किती युनिट, एक टन सूत सायझिंग करताना किती कोळसा, एक टन उसामागे किती वाफ, हजार लिटर दुधामागे किती युनिट. उत्पादन घटलं की एकूण कार्बन आपोआप घटतो आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. टनामागचा आकडा तो भास होऊ देत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. कपॅसिटर बँक लावून पॉवर फॅक्टर सुधारला की बिल कमी होतं, पण कार्बन जवळपास तेवढाच राहतो. केबलमधला थोडा लॉस वाचतो, इतकंच. बिलातली बचत आणि कार्बनमधली बचत दर वेळी एक नसते.

फाउंड्री: वितळवलेलं लोखंड किती विकलं जातं?

उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांच्या काळापासून फाउंड्री हा कोल्हापूरचा कणा आहे, त्यामुळे इथे जरा थांबून पाहू. ग्रे आयर्न १,५०० अंशांपर्यंत न्यायला सिद्धांताप्रमाणे टनाला ४०० च्या आत युनिट लागतात. चांगली चाललेली इंडक्शन भट्टी ५५० ते ६०० युनिट घेते, ढिसाळ चाललेली ७०० च्याही पुढे जाते. भट्टी दोन्हीकडे तीच असू शकते. फरक चालवण्यात असतो.

सर्वात मोठा मुद्दा यील्डचा, म्हणजे वितळवलेल्या धातूपैकी किती टक्के चांगली कास्टिंग होऊन बाहेर पडतो याचा. महिन्याला १०० टन चांगली कास्टिंग द्यायची आहेत आणि यील्ड ५५ टक्के आहे, तर १८२ टन धातू वितळवावा लागतो. यील्ड ६० टक्के झालं तर १६७ टन पुरतो. १५ टनांचा फरक, म्हणजे ६०० युनिटच्या हिशोबानं ९,००० युनिट आणि सुमारे सव्वासहा टन कार्बन दर महिन्याला. वर्षाला एक लाख युनिटच्या वर. तेवढी वीज सोलरनं तयार करायला पाऊणशे किलोवॅटचे पॅनेल लागतील. इथे लागतात पॅटर्न शॉपमधले दोन महिने.

हे करायचं असं. सर्वाधिक टनेज असलेले पाच पॅटर्न (साचा उठवायचे नमुने) निवडा. प्रत्येकाच्या बॉक्समध्ये (वाळूच्या साच्याच्या पेटीत) ओतलेल्या धातूचं वजन आणि चांगल्या कास्टिंगचं वजन प्रत्यक्ष काट्यावर घ्या. ड्रॉइंगवरच्या आकड्यावर जाऊ नका. मग रनर (धातू साच्यात नेणारी वाट) आणि रायझर (थिजताना कमी पडणारा धातू पुरवणारा जादा साठा) पाहा. जुन्या पॅटर्नवर रायझर बहुधा भीतीपोटी मोठा ठेवलेला असतो. कधीतरी श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) आलं, रायझर वाढवला आणि पुढे तो तसाच राहिला. सिम्युलेशन करून रायझर लहान करा, जाड भागावर एक्झोथर्मिक स्लीव्ह (स्वतः तापून रायझर गरम ठेवणारं वेष्टन) लावा, बॉक्समध्ये जागा असेल तर एका रनरवर जास्त पीस बसवा. एका वेळी एकच बदल करा आणि किमान पन्नास पीस कापून किंवा मशीनिंगनंतर तपासा. घाईत दोन-तीन बदल एकदम केले आणि रिजेक्शन वाढलं, तर कशामुळे ते कळत नाही आणि सगळेच बदल मागे घेतले जातात. रिजेक्शन हा यील्डचाच भाऊ: ग्राहकाच्या मशीन शॉपमधून परत आलेल्या पीसची वीज दुप्पट गेलेली असते, वर वाहतुकीचं डिझेल.

आता भट्टीकडे या. वितळलेल्या धातूचं अर्धा मीटर व्यासाचं उघडं तोंड किरणोत्सर्गानं ४० किलोवॅट किंवा त्याहून जास्त उष्णता फेकतं. मेल्टरच्या (भट्टी चालवणाऱ्याच्या) तोंडावर जी झळ लागते, ती म्हणजे तुमचं लाईट बिल. हायड्रॉलिक झाकण उत्तम, पण सिरॅमिक फायबरचं अस्तर लावलेलं साधं फिरतं झाकणही चालतं. झाकण वापरलं का जात नाही याचं कारण शोधा. बहुतेक वेळा ते जड असतं, क्रेनच्या आड येतं किंवा कडेला स्लॅग (वितळलेली मळी) साचून नीट बसत नाही. ही तीन कारणं दूर केल्याशिवाय मेल्टरला रागावून उपयोग नाही.

दुसरा चोर म्हणजे थांबणं. धातू तयार आहे, पण मोल्ड लावलेले नाहीत, क्रेन दुसरीकडे आहे किंवा स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट यायचा आहे. एका टनाच्या उघड्या भट्टीत पंधरा मिनिटं धातू धरून ठेवायला वीसेक युनिट सहज जातात. प्रत्येक हीटला (वितळवण्याच्या फेरीला) स्विच ऑनची वेळ, सॅम्पलची वेळ, टॅपिंग सुरू आणि टॅपिंग बंद अशा चार वेळा फळ्यावर लिहायला लावा. आठवडाभरात कुठे अडतंय ते दिसेल. बहुतेक ठिकाणी उत्तर भट्टीत नसतं, मोल्डिंग लाइनवर असतं.

तापमान हा तिसरा. गरजेपेक्षा ५० अंश जास्त तापवलं की टनाला १५ ते १८ युनिट जास्त जातात, शिवाय लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) लवकर झिजतं. पण थेट टॅपिंग तापमान (भट्टीतून धातू काढतानाचं) उतरवलं तर मिसरन येणार, म्हणजे साचा पूर्ण भरण्याआधीच धातू थिजणार. आधी लेडल (धातू वाहून नेणारं भांडं) नीट लाल करा, त्यावर झाकण ठेवा, भट्टी ते शेवटचा बॉक्स हे अंतर आणि वेळ कमी करा. शेवटच्या बॉक्सचं ओतण्याचं तापमान डिप पायरोमीटरनं मोजा आणि मगच भट्टीचं तापमान १० अंशांच्या टप्प्यानं खाली आणा.

चार्जमधली घाणही वितळवावी लागते. रनर-रायझरला चिकटलेली वाळू वजनाच्या १ टक्का असली, तर ती स्लॅग होईपर्यंत टनाला साधारण १० युनिट खाते. परतीचा माल शॉट ब्लास्टमधून किंवा टंबलिंग बॅरलमधून काढूनच चार्ज करा. लांब, वेडावाकडा स्क्रॅप भट्टीत अडकून पूल तयार होतो, खालचा धातू अति तापतो आणि वरचा थंड राहतो. यात वीज जाते आणि जिवाचा धोकाही असतो. लायनिंगच्या बाबतीत इतकंच: पातळ लायनिंगला वीज कमी लागते म्हणून ते मर्यादेपलीकडे चालवू नका. अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडे गळतेय, लायनिंग फुटत असावं, असा) इशारा आला की हीट थांबवा. धातू भट्टीभोवतीच्या कॉइलच्या पाण्याला भिडला तर स्फोट होतो.

गेटबाहेरचा कार्बन: पिग आयर्न

हा भाग बहुतेक फाउंड्र्यांच्या हिशोबात नसतो, आणि तो विजेपेक्षा मोठा असू शकतो. ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एक टन पिग आयर्नमागे (खनिजापासून बनलेल्या कच्च्या लोखंडामागे) साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड गेलेला असतो. चार्जमध्ये ३० टक्के पिग असेल तर टनामागे ०.६ टन तिथेच जमा झाला. ६०० युनिट विजेचा ०.४ टनाच्या आसपास येतो. म्हणून पिग कमी करून स्टील स्क्रॅप आणि कार्बुरायझरवर (धातूत कार्बन वाढवणाऱ्या पुडीवर) जाणं हा मोठा बदल आहे.

पण तो सांभाळून करायला लागतो. स्टीलमध्ये कार्बन नगण्य, त्यामुळे ३.३ टक्क्यांपर्यंत न्यायला एक टन स्टीलला सुमारे ३५ किलो कार्बुरायझर लागतो. तो चार्जबरोबर मधल्या थरांत टाका. शेवटी स्लॅगवर टाकला तर वर जळून जातो आणि रिकव्हरी घसरते. स्वस्त कार्बुरायझरमध्ये सल्फर आणि नायट्रोजन जास्त असतो. नायट्रोजन वाढला की जाड भागात फटीसारखे दोष दिसतात आणि ते ब्लोहोल समजून वाळूवर खापर फोडलं जातं. म्हणून कमी नायट्रोजनचा ग्राफाइटाइज्ड माल घ्या आणि सप्लायरकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. पिगमुळे मिळणारे ग्राफाइटचे अंकुर स्टीलच्या चार्जमध्ये कमी असतात, त्यामुळे पातळ भागात चिल, म्हणजे कडक आणि ठिसूळ पांढरं लोखंड, येतो. वेज टेस्ट (पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून, मोडून चिल पाहणं) प्रत्येक हीटला घ्या आणि इनॉक्युलेशन (ओतताना ग्राफाइटचे अंकुर वाढवणारी पूड टाकणं) सुधारा. गॅल्वनाइज्ड पत्रा घेऊ नका: जस्ताचा धूर कामगारांच्या छातीत जातो आणि जस्त लायनिंगमध्येही शिरतं. पिग ३० वरून २०, मग १० टक्के, असा महिन्यागणिक उतरा.

युरोपात माल पाठवणाऱ्यांना कार्बनचे आकडे आता द्यावे लागतात. युरोपियन युनियनची सीमा-कार्बन व्यवस्था (बाहेरून येणाऱ्या मालाच्या कार्बनवर आकार लावणारी) १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या टप्प्यात होती आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा पैशांचा टप्पा सुरू झाला. सगळी कास्टिंग त्यात बसत नाहीत. आपल्या मालाचा आठ आकडी कोड यादीत आहे का ते तपासा. यादीत नसला तरी ग्राहक टनामागचा आकडा विचारतोच.

कॉम्प्रेस्ड हवा

फाउंड्री असो वा मशीन शॉप, हवेची गळती सगळीकडे आहे. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचं भोक सुमारे ४ किलोवॅट फुंकून टाकतं. वर्षाला ६,००० तास धरले तर २४,००० युनिट.

गळती मोजायला उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं सगळं बंद ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. तो किती सेकंद लोडवर असतो आणि किती सेकंद अनलोडवर, हे दहा वेळा मोजून सरासरी काढा. लोड ९० सेकंद आणि अनलोड २१० सेकंद असेल तर ९० भागिले ३००, म्हणजे कॉम्प्रेसरची ३० टक्के क्षमता गळतीला पोसतेय. साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होसचे क्लॅम्प, ड्रेन व्हॉल्व्ह आणि बंद पडलेल्या मशिनच्या लाइन तपासा. १० टक्क्यांच्या आत आणता येतं. मग दाब उतरवा, प्रत्येक बारमागे ६ ते ७ टक्के वीज वाचते. कोणा एका ग्राइंडरला दाब कमी पडतो म्हणून अख्ख्या शॉपचा दाब वाढवलेला असतो. त्या ग्राइंडरची होस मोठी करा.

इचलकरंजी: वाफेचा प्रवास

सायझिंग आणि प्रोसेस हाऊसमध्ये कार्बन म्हणजे बॉयलर. काम मात्र बॉयलरच्या दुसऱ्या टोकापासून, वाफ जिथे वापरली जाते तिथून सुरू करा.

७ बारच्या लाइनवर ३ मिलिमीटरची गळती ताशी २५ ते ३० किलो वाफ सोडते, म्हणजे ताशी पाचेक किलो कोळसा. वर्षाला ६,००० तासांत ३० टन कोळसा, सुमारे ५० टन कार्बन. आणि ही झाली डोळ्याला दिसणारी गळती. बिघडलेला स्टीम ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) बंद पाइपातून तितकीच वाफ निमूट सोडत राहतो. ट्रॅपनंतर टेस्ट व्हॉल्व्ह बसवा: पाणी आणि थोडी फ्लॅश वाफ अधूनमधून यायला हवी. निळसर, सरळ, अखंड फवारा म्हणजे ट्रॅप गेला. सूत वाळवणाऱ्या ड्राइंग सिलिंडरना सामाईक ट्रॅप देऊ नका. लांबच्या सिलिंडरमध्ये पाणी तुंबतं, तो थंड पडतो, ताणा ओला राहतो आणि ऑपरेटर उपाय म्हणून दाब वाढवतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ट्रॅप द्या.

सिलिंडरमधलं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) स्वच्छ असतं, ते गटारात सोडणं हा गुन्हा आहे. फीडवॉटरचं (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचं) तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन १ टक्का वाचतं. ३० अंशांचं पाणी ८५ वर गेलं तर ९ टक्के. पण गरम पाण्यानं फीड पंपात कॅव्हिटेशन होतं (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात), पंप खडखडतो, आणि कंटाळून लाइन पुन्हा गटाराला जोडली जाते. फीड टाकी पंपापेक्षा ४-५ मीटर उंच बसवली की हे टळतं. कांजीच्या बॉक्समध्ये थेट सोडलेली वाफ परत मिळत नाही, तिथे झाकण आणि तापमान नियंत्रक व्हॉल्व्ह लावा.

चिमणीतल्या धुराचं तापमान दर २२ अंशांनी उतरलं की १ टक्का इंधन वाचतं. इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेनं फीडवॉटर तापवणारं उपकरण) बसवा, पण कोळशावर धूर १३० अंशांच्या खाली नेऊ नका. गंधकाचं आम्ल साचून नळ्या खाल्ल्या जातात. हे सगळं झाल्यावर कोळशाऐवजी पांढरा कोळसा, म्हणजे शेतकचऱ्याच्या ब्रिकेट, हा पर्याय पाहा. आर्द्रता आणि राख तपासून, वजनाऐवजी उष्णतेच्या हिशोबानं दर ठरवा. पावसाळ्यासाठी छपराखाली साठा हवा. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावरच्या ब्रिकेटचा भुसा होतो.

साखर आणि गूळ

साखर कारखान्यांचं इंधन बगॅस (उसाचं चिपाड) असल्यानं बॉयलरचा कार्बन जैविक. तरी वाफ वाचवायचीच, कारण वाचलेला बगॅस ग्रिडमधली कोळशाची वीज हटवतो. उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागत असेल तर फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर, व्हेपर ब्लीडिंग आणि कंटिन्युअस पॅन यांच्या मदतीनं ४० च्या खाली आणता येते. खरा धोका मिथेनचा आहे, कारण तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. प्रेसमडचे (रस गाळून उरलेल्या मळीचे) ढीग आणि डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचे (सांडपाण्याचे) उघडे लगून, म्हणजे तलाव, हे त्याचे स्रोत. बंद डायजेस्टरमध्ये घातल्यास साधारण २५ टन प्रेसमडपासून १ टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस मिळतो. प्रेसमड उघड्यावर पडला की दिवसागणिक त्याचा गॅस कमी होतो, म्हणून साठवण झाकलेली हवी.

शेतातलं पाचट जाळणं कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही, पण ते थांबवणं कारखान्याच्या शेती विभागाच्या हातात आहे. खोडव्यात पाचट सरीत आच्छादून पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकलं की ते जागेवर कुजतं.

गुऱ्हाळाचं गणित वेगळं. किलोभर गुळासाठी सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी उडवावं लागतं. जुन्या एका काहिलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) चुलवाणाची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास राहिली तर स्वतःचं चिपाड पुरत नाही आणि मग जळणात काहीही पडतं. टायरचा तुकडा तर एकही नको: तो खनिज कार्बन आहे आणि त्याचा विषारी धूर गुळव्याच्याच नाकात जातो.

चिपाड ऊन देऊन खडखडीत वाळवा. ओलं चिपाड आधी स्वतःचं पाणी उडवतं, मग काहिलीचं. एकदम गठ्ठा टाकू नका, थोडं थोडं आणि सतत टाका. गठ्ठा टाकला की चिमणीतून काळा धूर येतो, तो न जळलेला कार्बन असतो. चुलवाणात जाळी बसवून खालून हवा द्या आणि धुराड्याला डँपर (ओढ कमी-जास्त करायची झडप) लावा. धुराच्या वाटेवर दुसरी काहील बसवून त्यात कच्चा रस तापवा. फक्त एक सांभाळा: उकळी संपताना पाक ११८ अंशांच्या आसपास पोचतो तेव्हा आच पटकन कमी करता आली पाहिजे, नाहीतर गूळ काळा पडतो. डँपर तिथेही कामाला येतो.

दूध आणि शीतकरण

बल्क कूलरमधल्या (दूध थंड करणाऱ्या टाकीतल्या) शीतक गॅसची गळती कोणी मोजत नाही. आर-४०४ए गॅस एक किलो सुटला तर ३.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे साडेपाच हजार युनिट वीज जाळल्यासारखं. गॅस कमी झाला की भरून देणारा मेकॅनिक नको, आधी नायट्रोजन प्रेशर टेस्ट करून गळती शोधणारा हवा. मोठ्या प्लँटचा अमोनिया या बाबतीत निर्धोक आहे; तिथे कंडेन्सरवरचा क्षार काढा. कंडेन्सिंग तापमान १ अंशानं उतरलं की २ ते ३ टक्के वीज वाचते.

आता सोलर

कोल्हापुरात १ किलोवॅट पॅनेल वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतं. जून ते सप्टेंबर उत्पादन चांगलंच घसरतं, त्यामुळे विक्रेत्यानं उन्हाळ्याचा आकडा बारानं गुणला असेल तर तो कोटेशन परत करा. ताशी टनभर वितळवणारी भट्टी एकटीच ६०० किलोवॅट ओढते, छत तिला पुरणार नाही. १०० किलोवॅट आणि त्याहून जास्त मंजूर भार असलेल्या ग्राहकाला २०२२ च्या ग्रीन ओपन अॅक्सेस नियमांखाली बाहेरून पवन-सौर वीज घेता येते. व्हीलिंग (वीज वाहून आणणं), क्रॉस सबसिडी (इतर ग्राहकांच्या सवलतीचा भार) आणि बँकिंग (जादा वीज ग्रिडवर जमा ठेवणं) यांचे आकार धरूनच दर काढा. फाउंड्रीच्या छतावर वाळू आणि धुराचा थर बसतो, म्हणून क्युपोला (कोकवरची भट्टी) किंवा शॉट ब्लास्टच्या धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला पॅनेल लावू नका, आणि धुण्यासाठी पाण्याची लाइन व चालायची वाट पॅनेल बसवतानाच करून घ्या. पॅनेल गरम असताना दुपारी पाणी मारू नका, काच तडकते. सकाळी ऊन चढायच्या आत, मऊ ब्रशनं, दर आठवड्याला.